मामांच्या वहीतील चार-चार अंकी यादी आणि ४०९६ शब्दांचा संगणक

नौपाडावासी (ठाणे)

सर्वांस नमस्कार. नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू होणार असल्यामुळे घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या दिवंगत मामांची एक जाड वही सापडली. मामा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईतील एका भौतिकी प्रयोगशाळेत नोकरीस होते आणि रोज ठाण्याहून लोकलने जात. त्यापलीकडे त्यांच्या कामाविषयी घरात कोणाला काही ठाऊक नाही; ते स्वतःहून सांगत नसत आणि आम्हीही कधी विचारले नाही.

वहीत बहुतेक ठिकाणी आलेख आणि मोजमापांचे तक्ते आहेत. पुठ्ठ्याच्या आतील बाजूस मात्र लाल शाईने दोन स्तंभांत चार-चार अंकी संख्या लिहिलेल्या आहेत. सुरुवातीच्या ओळी अशा:

७७५६ – ६०३२
७७५७ – ६०३१
७७६० – ५३५७
७७६१ – ६०३६

यादी सतरा ओळींची असून ७७७६ पाशी संपते. ७७५७ नंतर ७७५८ न येता एकदम ७७६० येते, आणि संपूर्ण यादीत ८ किंवा ९ हा अंक एकदाही आलेला नाही. हीच यादी वहीत पुढे आणखी दोनदा उतरवलेली असून दोन्ही ठिकाणी समासात ‘पुसले गेले, पुन्हा भरले’ असा शेरा आहे. एका पानाच्या डोक्यावर ‘पीडीपी-८, ४०९६ शब्द’ असे लिहिले आहे, त्यावरून हे प्रकरण संगणकाचे असावे एवढे मला समजले.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. ही यादी कशाची, काय पुसले जात असे, आणि अवघ्या ४०९६ शब्दांच्या यंत्रावर शास्त्रीय काम म्हणजे नेमके कोणते काम होत असे, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

खाडीकाठ (वाशी)

आपल्या मामांची यादी वाचून क्षणभर हात थबकला, कारण मीसुद्धा ती एके काळी पाठ म्हणत असे. ही पीडीपी-८ या संगणकाची प्राथमिक भरणी-आज्ञावली आहे. आम्ही तिला ‘रिम लोडर’ म्हणत असू.

८ आणि ९ न येण्याचे कारण असे, की या संख्या अष्टमान पद्धतीत लिहिलेल्या आहेत. या यंत्राचा एक शब्द १२ बिटांचा असे आणि पुढच्या पॅनेलवर त्यासाठी बारा स्विचांची रांग असे. तीन-तीन स्विचांचा एक गट धरला, की प्रत्येक गटाचा ० ते ७ असा एक अंक होतो आणि चार अंकांत पूर्ण शब्द लिहिता येतो. म्हणूनच ७७५७ मध्ये एक मिळवला की ७७६० होतात. डावा स्तंभ मेमरीतील जागेचा, उजवा त्या जागी ठेवायच्या आज्ञेचा. स्विचांवर ७७५६ मांडून ‘लोड ॲड्रेस’चा खटका दाबायचा, मग ६०३२ मांडून ‘डिपॉझिट’चा खटका वर उचलायचा. यंत्र स्वतःच पुढच्या जागेवर सरकत असे, त्यामुळे पुढे फक्त उजवा स्तंभ भरत जायचा.

इतका खटाटोप करण्याचे कारण, यंत्र सुरू केल्यावर त्याला स्वतःहून काहीच करता येत नसे. टेलिटाइपवरील (म्हणजे जोडीच्या टंकलेखन यंत्रासारख्या उपकरणावरील) छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वाचायची कशी, हेसुद्धा त्याला शिकवावे लागे. आपण दिलेल्या ओळींतच ते दिसते. ६०३१ ही आज्ञा पट्टीवरून छिद्रांची नवी ओळ वाचली गेली आहे का ते तपासते आणि वाचली गेली असल्यास लगतची आज्ञा ओलांडून जाते. ती लगतची आज्ञा, म्हणजे ५३५७, ‘परत ७७५७ वर जा’ असे सांगते. म्हणजे ओळ येईपर्यंत यंत्र या दोन पायऱ्यांवर येरझारा घालते, आणि आली की ६०३६ ती उचलून घेते. टेलिटाइप सेकंदाला फक्त दहा ओळी वाचत असल्यामुळे येरझारा पुष्कळ होत.

आता ‘पुसले गेले’ याविषयी. या यंत्राची मेमरी तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची असे आणि तिच्यातील मजकूर वीज गेली तरी टिकत असे. त्यामुळे ही यादी रोज भरावी लागत नसे. मेमरीच्या अगदी शेवटच्या पानात ती एकदा ठेवली की महिनोन्महिने तिथेच राही. परंतु कोणाच्या कार्यक्रमात चूक होऊन तो मेमरीभर सैरावैरा लिहीत सुटला, की हे शेवटचे पानही त्यात जाई आणि स्विच घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसावे लागे. मामांच्या दोन्ही शेऱ्यांमागे असे दोन अपघात असणार. चूक त्यांचीच असेल असे मात्र नाही, कारण यंत्र सगळे मिळून वापरत.

घणसोलीकर

यादीचा उलगडा उत्तम झाला. परंतु मूळ प्रश्नातील शंका मला रास्त वाटते. शास्त्रीय गणिते त्या काळी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होत असत. तेथे १९६४ पासून सीडीसी ३६०० हे ४८ बिटी शब्दांचे मोठे यंत्र होते. ज्या संगणकाला वजाबाकीची स्वतंत्र आज्ञा नाही आणि गुणाकार-भागाकारासाठी वेगळा जोड विकत घ्यावा लागतो, त्याला प्रयोगशाळेतील एक महागडे उपकरण म्हणावे. ‘सामान्य उपयोगाचा संगणक’ म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होते.

प्रयोगशाळेतील माणूस (नेरुळ)

घणसोलीकरांनी दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

वजाबाकीची आज्ञा नव्हती हे खरे. वजा करायच्या संख्येचे सर्व बिट उलटे करून त्यात एक मिळवायचा आणि मग बेरीज करायची, असे दोन पायऱ्यांत काम होई. एका शब्दात −२०४८ ते २०४७ एवढेच पूर्णांक मावत. दशांश अपूर्णांकांसाठी तीन शब्द एकत्र घेऊन, एकात घातांक आणि दोहोंत मूळ संख्या ठेवून, सुमारे सहा अंकांची अचूकता मिळवता येई, पण ती सगळी हातचलाखी आज्ञावलीची असल्यामुळे वेग फार कमी होई. मोठ्या मॅट्रिक्स सोडवायच्या असतील तर पंच कार्डांचा गठ्ठा घेऊन मोठ्या यंत्राकडेच जावे लागे, याबद्दल वाद नाही.

परंतु मोठ्या यंत्राला प्रयोगाच्या टेबलापर्यंत तार ओढता येत नव्हती, आणि प्रयोगशाळेला नेमकी तीच हवी होती. कार्डे आज द्यावीत, निकाल उद्या घ्यावा आणि तेव्हा कळावे की काल दुपारपासून डिटेक्टरचा व्होल्टेज सरकलेला होता, असा तो प्रकार असे. छोटा संगणक प्रयोगाशेजारी उभा राही आणि मोजणी चालू असतानाच ती दाखवी.

एक उदाहरण देतो, कारण नौपाडावासी यांच्या वहीतील तक्ते याच प्रकारचे असण्याचा संभव आहे. किरणोत्सर्गी नमुन्यातून येणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजायची आहे असे समजा. डिटेक्टरकडून आलेल्या प्रत्येक स्पंदाची उंची मोजून तिचा एक क्रमांक करतात आणि त्या क्रमांकाच्या कप्प्यात एक मिळवतात. पीडीपी-८ मध्ये याला अगदी साजेशी एक आज्ञा होती: मेमरीतील संख्येत थेट एक मिळवा, आणि उत्तर शून्य आले तर पुढची आज्ञा ओलांडा. १२ बिटांचा कप्पा ४०९५ पर्यंत मोजतो आणि पुढच्या स्पंदाला शून्यावर येतो; तसे झाले की त्याच्या जोडीच्या कप्प्यात एक मिळवायचा. जोडकप्प्यांमुळे मोजणी १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जाते. असे ५१२ जोडकप्पे केले तर १०२४ शब्द लागतात, म्हणजे मेमरीचा नेमका चौथा हिस्सा. उरलेल्या तीन हिश्श्यांत आज्ञावली, छपाईची सोय आणि पट्टी वाचणारी ती सतरा ओळींची यादी. यात गुणाकार कुठेच लागत नाही. बेरजेला तीन मायक्रोसेकंद पुरत, आणि हजारो स्पंद सेकंदाला येत असले तरी यंत्राला सवड उरे.

‘सामान्य उपयोगाचा’ या शब्दांचा अर्थही इथेच आहे. नुसते स्पंद मोजणारी तयार उपकरणे तेव्हा मिळत होती, पण ती तेवढेच करत. हे यंत्र सकाळी स्पंद मोजी, दुपारी पट्टी बदलली की एखादा क्षीण विद्युतसंकेत शंभर वेळा घेऊन त्याची सरासरी काढी (गोंगाट संकेताच्या मानाने दहा पटींनी खाली येतो, हे संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेला मी सांगायला नको), आणि संध्याकाळी फोकल या भाषेत एखादा विद्यार्थी वक्राची जुळणी करत बसे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये ते १८,००० डॉलरला बाजारात आणले. १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना झाला, त्या हिशेबाने जकात सोडून १ लाख ३५ हजार रुपये. रक्कम त्या काळी मोठीच होती, पण एखाद्या विभागाने मागणी करावी आणि ती मंजूर व्हावी अशी होती.

आपल्या भागाशी जुळणारी एक गोष्ट जाता जाता सांगतो. पीडीपी-८ चा पूर्वज पीडीपी-५, वर्ष १९६३, हा कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीच्या देखरेखीच्या कामातून निघाला. आणि वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९६० मध्ये सुरू झालेली सायरस अणुभट्टी चॉक रिव्हरच्याच एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवर कॅनडाच्या मदतीने उभारलेली होती.

(माझे हे उत्तर त्या यंत्राच्या मेमरीत मावले नसते. ४०९६ शब्द म्हणजे आजच्या हिशेबाने ६१४४ बाइट, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आता तीन बाइट लागतात.)

खाडीकाठ (वाशी)

नेरुळकरांच्या लेखनाला एक पुरवणी जोडतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात याच वर्गातील, १२ बिटांचा, टीडीसी-१२ हा संगणक घडवला गेला. जानेवारी १९६९ मध्ये विक्रम साराभाई यांच्या हस्ते तो कार्यान्वित झाला आणि पुढे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने त्याचे उत्पादन केले. त्याच मालिकेतील टीडीसी-३१६ हा १६ बिटांचा होता. प्रयोगाला जोडण्याचा संगणक इथल्या अभियंत्यांनी इथेच करून पाहिला होता, त्यामुळे आपल्याकडच्या या इतिहासाची सुरुवात आयात यंत्रापाशीच करू नये, असे मला वाटते.

जीवशास्त्रातही असेच घडले. वेस्ली क्लार्क आणि चार्ल्स मोल्नार यांचा १९६२ चा लिंक हा संगणक १२ बिटांचाच होता, आणि १९६३ च्या उन्हाळ्यात तो वापरणार असलेल्या संशोधकांनी एमआयटीत जमून आपापल्या यंत्राची जुळणी स्वतःच्या हाताने केली. यंत्र बिघडले तर कुठे हात घालायचा, हे त्यामुळे त्यांना ठाऊक झाले.

घणसोलीकर

जोडकप्प्यांचा हिशेब पटला. ‘उपकरण’ हा शब्द मी मागे घेतो, ‘महागडे’ मात्र राहू द्यावा.

नौपाडावासी (ठाणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नेरुळकरांचे उत्तर वाचून वहीतील तक्ते पुन्हा काढून पाहिले. प्रत्येक तक्त्यात दोन-दोन संख्यांच्या जोड्या आहेत आणि डावीकडची संख्या बहुतेक ठिकाणी शून्य किंवा एक आहे. ती जोडकप्प्यातील वरची मोजणी असावी, हे आता लक्षात आले.

एक गोष्ट विचारायची राहिली. वहीतील दुसऱ्या प्रतीत ७७७२ या जागेसमोर मामांनी आधी ७४०२ लिहिले असून ते दोन आडव्या रेघांनी खोडून शेजारी ७४२० केले आहे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रतीत सरळ ७४२० आहे. संपूर्ण वहीत इतक्या जोराने खोडलेले दुसरे काहीच नाही. कागद मागून फाटला आहे. एवढ्या चुकीने काही बिघडत असेल का?

खाडीकाठ (वाशी)

होय, आणि कागद का फाटला तेही समजते. ७४२० ही तपासणीची आज्ञा आहे: पट्टीवरून आलेला शब्द मेमरीतील जागेचा क्रमांक आहे की तिथे ठेवायचा मजकूर आहे, हे पाहून यंत्र पुढची पायरी घेते किंवा ओलांडते. शेवटचे दोन अंक उलटे होऊन ७४०२ झाले, की त्याचा अर्थ होतो ‘थांबा’. मग सतरा ओळी नीट भरून, पट्टी लावून, यंत्र सुरू करावे, त्याने पट्टीवरील छिद्रांच्या दोन ओळी वाचाव्यात आणि जागच्या जागी उभे राहावे. कोणतीही चूक दाखवली जात नाही. पॅनेलवरचा ‘रन’चा दिवा तेवढा विझतो. अशा वेळी संशय आधी पट्टीवर जातो, मग टेलिटाइपवर, आणि स्वतःच्या हाताने उतरवलेल्या यादीवर सर्वांत शेवटी.