जिवंत आमिषासाठी पाग घ्यायचा आहे : आस, घेर आणि वजन यांबाबत मार्गदर्शन हवे

नमस्कार.

रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या काठावरून मी गळाने मासे धरतो. माझा भर प्रामुख्याने जिताडा आणि तांबोशी या दोन माशांवर असतो. आजवर मी आमिष म्हणून बाजारातून आणलेली कोळंबी वापरत आलो आहे; परंतु मेलेल्या कोळंबीवर शेंगाळे आणि खेकडेच आधी तुटून पडतात. जिताडा हा भक्ष्याची हालचाल हेरून झडप घालणारा मासा असल्यामुळे त्याच्यासाठी चार-पाच इंच लांबीची जिवंत बोय लावावी, असे येथील अनुभवी गरवणारे एकमताने सांगतात. अशी बोय विकत मिळत नाही, ती स्वतःच धरावी लागते, आणि काठावरून एकट्याने धरायची तर पाग (मधल्या शेंड्याला दोरी आणि गोल कडेला शिसे असलेले, हाताने फेकायचे जाळे) हेच त्यासाठीचे योग्य साधन आहे, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. शंका आहे ती कोणता पाग घ्यावा याविषयी.

आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपे जाईल. माझ्याकडे होडी नाही. भरतीचे पाणी चढू लागले की बोयींचे थवे काठालगतच्या उथळ पाण्यात येतात आणि तेथे पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत असते. तळ काही भागात मऊ चिखलाचा, तर काही भागात कातळाचा असून कातळावर कालवे आहेत. थोडे आत गेल्यावर कांदळवन लागते. तेथे मुळ्यांमध्ये जाळे टाकण्याचा माझा विचार नाही. मला खाण्यासाठी मासळी धरायची नसून एका वेळी दहा-बारा जिवंत बोयी मिळाल्या तरी पुरेशा आहेत.

पहिली अडचण मापांची आहे. एका दुकानात ‘बारा फुटी’ म्हणून दाखवलेला पाग शेंड्यापासून कडेपर्यंत बारा फूट होता, तर दुसऱ्या दुकानात त्याच नावाने दाखवलेला पाग पसरल्यावर एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत बारा फूट भरत होता. हे दोन पाग आकाराने एकमेकांपासून फारच वेगळे आहेत. आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या एका भोकाच्या, बाबतीतही तोच घोळ आहे. कोणी एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतचे अंतर सांगतो, तर कोणी आस ताणून समोरासमोरच्या गाठींमधले अंतर सांगतो. ऑनलाइन विक्रेत्यांच्या वर्णनात तर यांपैकी नेमके काय मोजले आहे, याचा उल्लेखही नसतो.

दुसरा प्रश्न धाग्याचा. तंगूसाचा (एकेरी, पारदर्शक नायलॉन तंतूचा) पाग घ्यावा की पिळाच्या नायलॉन धाग्याचा? तिसरा प्रश्न रचनेचा. आपल्याकडे कडेला आत वळवून बांधलेले खिसे असलेला पाग सर्रास दिसतो, पण शेंड्यातून आत जाणाऱ्या दोऱ्या कडेला बांधलेला आणि ओढल्यावर बटव्यासारखा मिटणारा प्रकारही काही जण सुचवतात. मासा जिवंत राहायला हवा, ही माझी मुख्य अट धरून यांपैकी कोणता निवडावा?

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माझा तेरा वर्षांचा भाचा माझ्याबरोबर येतो आणि त्याला पाग टाकायला शिकायचे आहे. शिशाची कड दातांत धरून पाग फेकण्याची पद्धत मी पाहिली आहे, पण मुलाला ती शिकवावी असे मला वाटत नाही. दातांचा उपयोग न करता पाग नीट उघडतो का, आणि त्याच्यासाठी वेगळा लहान पाग घ्यावा का?

माझी तयारी तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण परिस्थिती नीट मांडल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. पाग मोठा असावा की लहान, यापासून सुरुवात न करता आधी आस ठरवावा आणि मग बाकीच्या गोष्टींकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. कारण घेर कमी पडला तर फार तर दोन फेकी जास्त कराव्या लागतील, पण आस चुकला तर जिवंत आमिष मिळणारच नाही.

आसाचा हिशेब असा आहे. चौकोनी आसाच्या चारही बाजू मिळून जी लांबी होते, तेवढ्या घेराचे शरीर त्यातून जाऊ शकते. साडेचार इंची बोयीच्या अंगाचा घेर साधारण सहा सेंटिमीटर भरतो. आपण एखादी बोय हाती आल्यावर तिच्याभोवती दोरा गुंडाळून हे माप स्वतः घ्यावे. आता गाठीपासून गाठीपर्यंत २० मि.मी. आस घेतला, तर चार बाजूंची बेरीज ८० मि.मी. होते आणि ही बोय सरळ निघून जाते. १५ मि.मी. घेतला, तर बेरीज ६० मि.मी. म्हणजे जवळजवळ माशाच्या घेराइतकीच होते, आणि हीच सर्वांत वाईट स्थिती आहे, कारण मासा डोके घालतो, कल्ल्यांपाशी अडकतो आणि आपण त्याला सोडवेपर्यंत मरतो किंवा त्याचे खवले निघून जातात. १० मि.मी. आसात बेरीज ४० मि.मी. होते, त्यामुळे डोकेही आत जात नाही आणि मासा मोकळा, धडधाकट हाती येतो. म्हणून आपल्यासाठी गाठीपासून गाठीपर्यंत १० मि.मी., म्हणजेच ताणून मोजल्यास २० मि.मी. आस योग्य ठरेल. विक्रेता नुसते ‘२० मि.मी.’ म्हणाला, तर त्यावर अवलंबून न राहता मोजपट्टी लावावी. सलग दहा आस एका ओळीत ताणून मोजावेत आणि आलेल्या लांबीला दहाने भागावे. एकच आस मोजण्यापेक्षा हे माप अधिक खरे निघते.

त्याहून बारीक आस घेण्याचा मोह टाळावा. आस जितका बारीक, तितका पाण्याचा विरोध जास्त, आणि पाग तितका सावकाश बुडतो. बोय अतिशय चपळ असते. पाग वरच्या वर तरंगत राहिला, तर थवा खालून निसटून जातो.

आता आकार. शेंड्यापासून कडेपर्यंतची लांबी म्हणजे त्रिज्या, आणि मी पुढे सगळीकडे तेच माप धरतो आहे. पाच फुटी पाग पूर्ण उघडला तर सुमारे ७८ चौरस फूट, सहा फुटी पाग ११३ चौरस फूट आणि आठ फुटी पाग २०१ चौरस फूट जागा व्यापतो. आठ फुटी पागाचे आकडे आकर्षक वाटतात, पण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एवढे ओले जाळे पूर्ण उघडून फेकणे नवख्या माणसाला जमत नाही, आणि अर्धवट उघडलेला मोठा पाग पूर्ण उघडलेल्या लहान पागापेक्षा कमी जागा व्यापतो. आपल्याला दहा-बाराच बोयी हव्या आहेत. पाच किंवा फार तर सहा फुटी पाग पुरेसा आहे.

पाग खरोखर पूर्ण वर्तुळात उघडणारा आहे की नाही, हे दुकानातच तपासता येते आणि ही तपासणी कृपया टाळू नये. शिसे ओवलेली कडेची दोरी टेपने मोजावी. सहा फुटी पागाची कड ३७ ते ३८ फुटांच्या आसपास आणि पाच फुटी पागाची सुमारे ३१ फूट असली पाहिजे. ती बरीच कमी भरली, तर विणताना पुरेसे आस वाढवलेले नाहीत असे समजावे. असा पाग कितीही कौशल्याने फेकला तरी सपाट पसरत नाही, तो पिशवीसारखाच पडतो.

वजनासाठी त्रिज्येच्या दर फुटामागे एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम शिसे, हे प्रमाण उथळ पाण्यात चांगले चालते. त्यानुसार पाच फुटी पागाला सव्वादोन किलो आणि सहा फुटी पागाला पावणेतीन किलो शिसे लागेल. शिशाचे मणी एकमेकांपासून दूर असतील, तर मधल्या जागेत कड उचललेली राहते आणि मासे तेथूनच बाहेर पडतात, म्हणून वजनाबरोबर मण्यांमधले अंतरही पाहावे.

धाग्याबाबत मी तंगूस सुचवेन. तो पाणी फारसे धरून ठेवत नाही, लवकर बुडतो, पाण्यात कमी दिसतो आणि त्यात माशाचे खवले कमी अडकतात. पिळाचा धागा हाताला मऊ लागतो आणि टिकाऊ असतो हे मान्य आहे, पण तो पाणी धरून जड होतो आणि चिखलाच्या तळावर त्यात गाळ बसतो. नवा तंगूस ताठ असल्यास तो काही तास कोमट पाण्यात भिजत ठेवावा. पाणी गरम मात्र नसावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त वजनाबद्दल थोडे वेगळे मत नोंदवतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत खाडीच्या मुखाशी पाण्याला चांगलीच ओढ असते आणि हलका पाग तळाला टेकण्याआधीच वाहत जातो. अशा ठिकाणी दर फुटामागे दीड पौंडापर्यंत, म्हणजे सहा फुटी पागाला चार किलोच्या आसपास शिसे असलेले बरे. उलट, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत आणि आतल्या शांत पाण्यात एवढे वजन उगाच हात दुखवते आणि मऊ चिखलात कड रुतते. पाण्याची ओढ ज्या दिवशी जास्त असेल, त्या दिवशी मुखाशी न जाता आत जायचे, असे ठरवल्यास हलक्या पागावर आपले काम भागेल.

खिसे की दोऱ्या, या प्रश्नाला वरती उत्तर मिळालेले नाही. खिशांचा पाग हळूहळू ओढत आणताना मासे कडेच्या खिशांत जमतात. त्याची रचना साधी असते, दोऱ्या गुंतत नाहीत आणि दुरुस्ती गावातच होते. पण प्रत्येक खिसा उलटून मासे काढावे लागतात, त्यात वेळ जातो आणि बोयी एकमेकींवर दाबल्या जातात. दोऱ्यांच्या पागात हातातली दोरी ओढली की सगळी कड आतून शेंड्याकडे गोळा होते, आणि बादलीवर धरून शेंड्याला असलेली गोल कडी वर उचलली की कड पुन्हा मोकळी होऊन मासे एकदम पाण्यात पडतात. जिवंत आमिषासाठी हाच फरक निर्णायक आहे, म्हणून मी दोऱ्यांचा पाग निवडेन. घेताना शेंड्याजवळ फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आहे का, तेही पाहावे. ती नसली तर चार-सहा फेकींत दोऱ्यांना पीळ पडतो.

कालवे असलेल्या कातळावर मात्र कोणताही पाग टाकू नये. कालवांच्या धारदार कडांवर तंगूस कापला जातो आणि शिसे कपारीत अडकले की ओढताना जाळे फाटते.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. पाच फुटी, तंगूसाचा, गाठीपासून गाठीपर्यंत १० मि.मी. आसाचा आणि दोऱ्यांचा पाग शोधायचा, असे आता ठरवले आहे. मिरकरवाडा बंदराकडच्या जाळ्यांच्या दुकानांत टेप घेऊन जाईन आणि आस, कड व वजन या तिन्ही गोष्टी स्वतः मोजेन. भाच्याच्या प्रश्नावर कोणी लिहिले तर बरे होईल, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मला खरेदी करायची नाही.

प्रतिसाद ३

मुलाला दातांत शिसे धरू देऊ नये, हा आपला विचार पूर्णपणे बरोबर आहे. शिसे विषारी आहे, आणि वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. फेक चुकल्यास दाताला हिसका बसतो, तो धोका वेगळाच. पाच फुटांपर्यंतचा पाग दातांशिवाय उत्तम उघडतो. मनगटात दोरीचा फास अडकवून दोरीच्या आणि जाळ्याच्या वरच्या भागाच्या घड्या डाव्या हातात घ्याव्यात, कडेचा एक भाग डाव्या कोपरावर किंवा खांद्यावर टाकावा, उरलेल्यापैकी निम्मी कड उजव्या हातात धरावी आणि कमरेतून वळून सपाट फिरकी देत सोडावे. हे आधी कोरड्या मैदानावर शिकवावे. गवतावर पडलेला पाग किती गोल उघडला, ते लगेच दिसते आणि मुलाला आपली चूक कळते. त्याच्यासाठी वेगळा चार फुटी, सुमारे पावणेदोन किलो शिशाचा पाग घ्यावा. शिसे हाताळल्यावर काही खाण्याआधी दोघांनीही साबणाने हात धुवावेत. मनगटातला फास सहज निघणारा असावा आणि ओढीच्या पाण्यात मुलाने तो अजिबात अडकवू नये.

बोयींबाबत एक विनंती. खाडीचे उथळ पाणी हे माशांच्या पिल्लांचे वाढण्याचे ठिकाण आहे, त्यामुळे पागात गरजेपेक्षा जास्त किंवा इतर पिल्ले आली, तर ती काठावर न टाकता लगेच पाण्यात सोडावीत. वीस लिटरच्या बादलीत बॅटरीवर चालणारा एअरेटर लावून, खाडीचेच पाणी भरून आणि बादली सावलीत ठेवून सात-आठ बोयी ठेवाव्यात. त्याहून जास्त ठेवल्यास उन्हाळ्यात त्या तग धरत नाहीत. पाणी कोमट लागू लागले की निम्मे बदलावे. घरी आल्यावर पाग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि उंदरांच्या वाटेत येणार नाही असा उंच टांगून ठेवावा.