आठच्या पुढचा पेस म्हणजे पळणं नव्हे म्हणे!

टेकडीकर: आमच्या रनिंग ग्रुपवर काल एका साहेबांनी फर्मान काढलं: "किलोमीटरला आठ मिनिटांच्या वर लागत असतील तर त्याला पळणं म्हणू नका, मॉर्निंग वॉक म्हणा. अशांमुळेच मेडलची किंमत गेली." तिथे ॲडमिनने गप्प बसवलं, म्हणून इथे.

पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, चालताना एक पाय टेकलेलाच असतो. फरक एवढाच. ऑलिंपिकमध्ये चालण्याच्या शर्यतीत २० किमी साधारण ८० मिनिटांत काढतात, म्हणजे किमीला ४ मिनिटं. साहेब साडेपाचने पळतात. मग चालणारे त्यांना मागे टाकतील तेव्हा साहेब नक्की काय करत असतील?

मी नऊने जातो. वेताळ टेकडीवर मोर दिसला तर थांबतो, सोबत कुणी असेल तर गप्पा मारतो. फुकुओका विद्यापीठाचे हिरोआकी तनाका हेच सांगायचे, चेहऱ्यावर हसू राहील एवढ्याच वेगाने पळा.

पेसमास्टर: तनाका आले, आता केनियाचा मॅरेथॉनवाला किपचोगे येईल. टेकडीवर रांगा हो खुशाल, कोण अडवतंय? पण साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटात चौघं हातात हात घालून रील काढत चालतात, मागच्याने काय दरीतून जायचं? आणि पाण्याच्या टेबलावरची कॉलेजची पोरं तुमच्यासाठी उन्हात ताटकळतात, त्याचं काय?

टेकडीकर: आलाच किपचोगे. २०१९ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० तासांत, म्हणजे किमीला २:५० मिनिटं. त्याच्या हिशेबाने तुम्हीही मॉर्निंग वॉकलाच निघालेले.

नवी_चप्पल: वादात पडत नाही, पण हळू पळायचा एक फायदा कुणीच लिहिला नाही. कुत्री मागे लागत नाहीत. जोरात पळणारा दिसला की आमच्या गल्लीतली टोळी सुटलीच म्हणून समजा.

पेसमास्टर: लागतात! पहाटे पाचला पोटरी धरली माझी. रेबीजच्या लशींचे सगळे डोस घेतले, तोंडावर आलेली शर्यत हुकली. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई त्याच कुत्र्याला पार्ले-जी भरवत मलाच सांगतात, "घाबरलं हो ते."

भूभूप्रेमी: घाबरलंच असणार. अंधारात डोक्याला दिवा बांधून कुणी अंगावर धावत आलं तर तुम्ही काय कराल? नसबंदी करून कुत्री त्याच भागात परत सोडायची, हा नियम आहे. २०२३चे नियम वाचा.

पेसमास्टर: त्याच नियमांत खायला घालायची जागा ठरवून द्या असंही आहे. जिन्याच्या तोंडाशी नको, मुलं खेळतात तिथे नको. तेवढं पान बरं वाचायचं राहतं!

भूभूप्रेमी: जागा ठरवायची कुणी? सोसायटीच्या मीटिंगला येता कधी?

गुडघेदुखी: कुत्र्यांचा वेगळा धागा काढा रे. मी साडेपाचवालाच होतो. रोज कालच्यापेक्षा पाच सेकंद कमी, या नादात नडगीचं हाड दुखायला लागलं. डॉक्टरांनी पळणंच बंद केलं. आता परत सुरू केलंय, बोलताना वाक्य तुटलं की चालायचं. घड्याळ ड्रॉवरमध्ये. जाम कंटाळवाणं वाटायचं सुरुवातीला, खोटं कशाला सांगू. शेजारच्या आजी हात हलवत पुढे निघून जायच्या.

पेसमास्टर: हे पटतं. ट्रेनिंगचे बहुतेक किलोमीटर आम्हीही सावकाशच काढतो. पण फक्त तेवढंच करून "मी मॅरेथॉनर" अशी पाटी लावू नका. मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ आला की निम्मी जनता सेल्फीला थांबते.

टेकडीकर: म्हणजे तुम्हीही सावकाश पळता! मग ते पळणं की वॉक?

पेसमास्टर: ट्रेनिंग. बरं, पळणं म्हणा. पण स्टार्ट लाइनला मागे उभे राहा, आणि चालायचं तर डावीकडून. एवढं केलंत तर बाराने जा, माझं काही म्हणणं नाही.

नवी_चप्पल: डावीकडे कुत्री बसलेली असतात.

भूभूप्रेमी: बसलेली आहेत ना? मग बसू द्या की!