बहिणीने जिवंतपणी दिलेल्या तक्रारींना आता न्यायालयात काय किंमत आहे?

प्रश्न विचारणारा : एक भाऊ, पश्चिम महाराष्ट्र

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण आमच्या तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. २०२४ च्या जुलैपासून एक तरुण तिच्या मागे लागला होता. सकाळच्या एसटीला तो तिच्या पाठोपाठ चढायचा, लॅबसमोरच्या रसवंतीत तासन्‌तास बसून राहायचा आणि एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून मेसेज पाठवायचा. "मला तुमच्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही, पुन्हा संपर्क करू नका," असे तिने त्याला स्पष्ट शब्दांत लिहून कळवले होते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ती वडिलांना घेऊन दोनदा पोलीस ठाण्यात गेली. पहिल्या वेळी तिची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली गेली. दुसऱ्या वेळी त्याला बोलावून माफीनामा लिहून घेतला गेला. "पोरीचे नाव कशाला कागदावर चढवता, आम्ही त्याला समज दिली आहे," असे वडिलांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते ऐकले. नोव्हेंबरमध्ये त्याने तिला घरी येताना वाटेत गाठून कोयत्याने वार केले. रुग्णालयात पोहोचण्याआधीच ती गेली.

खुनाचा गुन्हा दाखल झाला, आरोपी कोठडीत आहे, दोषारोपपत्रही सत्र न्यायालयात गेले आहे. मात्र त्या आधीच्या चार महिन्यांचा दोषारोपपत्रात जवळजवळ उल्लेखच नाही, असे आम्हाला कळले. जणू हा माणूस त्या संध्याकाळी अचानक कुठून तरी उगवला. आरोपीचे वकील आतापासूनच "रागाच्या भरात घडले" असे बोलू लागले आहेत. माझे प्रश्न तीन आहेत. तिच्या त्या दोन तक्रारी, ती स्वतः साक्ष द्यायला नसताना, पुरावा म्हणून चालतील का? खटला सरकारचा आहे, तर मग आम्हा कुटुंबीयांना त्यात बोलायला काही जागा आहे का? आणि देव न करो, पण आरोपी सुटला तर आम्ही काय करू शकतो? वडील त्या माफीनाम्यावर विश्वास ठेवल्याबद्दल स्वतःला दोष देत बसलेले असतात, त्यांना सांगण्यासारखे काही मला आज हवे आहे.

उत्तर १ : निवृत्त सरकारी वकील, सातारा

दादा, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमच्या खटल्याचा जीव त्यातच आहे. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनाक्रमातून तो मृत्यू ओढवला त्यातील परिस्थितीविषयी केलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य असते. पूर्वी हे भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. पुष्कळांचा असा समज असतो की मृत्युपूर्व जबाब म्हणजे फक्त रुग्णालयातील खाटेवर दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब. इंग्लंडच्या कायद्यात मरणाची चाहूल लागलेली असणे आवश्यक मानले जाई, आपल्याकडे तशी अट नाही. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूवरून उभ्या राहिलेल्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये या कलमाचा सविस्तर ऊहापोह केला. तिने माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे त्यात विचारात घेतली गेली. त्या खटल्यात आरोपी अखेरीस सुटला, हे मी लपवत नाही. तरीही, कथन आणि मृत्यू यांच्यातला धागा जवळचा असेल तर ते ग्राह्य धरावे, हे तत्त्व तिथून पक्के झाले. तुमच्या बहिणीची तक्रार आणि तिचा मृत्यू यांत दोन-तीन महिन्यांचेच अंतर आहे आणि माणूस तोच आहे.

त्याखेरीज या तक्रारींमधून हेतू आणि पूर्वतयारी सिद्ध होते. "रागाच्या भरात" या बचावाला याहून चांगले उत्तर नाही. चार महिने पाठलाग करणाऱ्या, माफीनामा लिहून दिल्यावरही न थांबलेल्या आणि कोयता घेऊन वाटेवर उभ्या राहिलेल्या माणसाचा राग क्षणिक होता असे म्हणणे अवघड जाते.

आता चुकीचे काय झाले ते सांगतो. पाठलाग हा २०१३ पासून आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यानंतरही वारंवार मागे जाणे, संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणे यांचा त्यात समावेश होतो. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे, हे खरे. पण तो दखलपात्र आहे, म्हणजे गुन्हा नोंदवणे पोलिसांना भागच होते. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच तसे बजावलेले आहे. तुमच्या बहिणीची तक्रार अदखलपात्र ठरवणे हा निव्वळ कंटाळा होता की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते चूक होते एवढे मात्र ठामपणे सांगतो. आणि "संपर्क करू नका" हा तिचा मेसेज म्हणजे कायद्याला हवी असलेली ती "स्पष्ट अनिच्छा"च आहे. तिने आपल्या परीने काहीही कमी ठेवले नव्हते, हे तुमच्या वडिलांना नक्की सांगा.

आता करायचे काय? अदखलपात्र नोंदीची नक्कल, माफीनाम्याचे मूळ कागद आणि त्या दिवसांची स्टेशन डायरी यांची मागणी सरकारी वकिलांमार्फत न्यायालयात लेखी करा. हे कागद दोषारोपपत्रासोबत जोडलेले नसतील तर न्यायालयाच्या परवानगीने खटला चालू असतानाही पुढील तपास करता येतो. निकाल होईपर्यंत आरोपात भर घालण्याचा अधिकारही न्यायालयाला असतो, त्यामुळे कलम ७८ राहून गेले असेल तर ते आजही येऊ शकते. तिचा मोबाइल मुद्देमालात जमा असेल तर उत्तम. घरी असेल तर तो चालू करून चाळत बसू नका, तपास अधिकाऱ्यांकडे पंचनामा करून द्या. मेसेजचे नुसते छापील स्क्रीनशॉट पुरेसे नसतात. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र लागते आणि त्याअभावी चांगला पुरावा वाया गेलेला मी स्वतः पाहिला आहे. मोबाइल कंपन्यांकडील नोंदी कायमच्या ठेवल्या जात नाहीत, म्हणून त्या बाबतीत आठवडाभरही थांबू नका.

उत्तर २ : महिला समुपदेशन केंद्रातील कार्यकर्ती, नागपूर

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली आहेच. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी मी तुम्हाला प्रियदर्शिनी मट्टू खटल्याविषयी सांगते, कारण तुमच्या बहिणीची हकिकत वाचताना मला पहिल्यांदा तीच आठवली.

प्रियदर्शिनी दिल्ली विद्यापीठात कायद्याची विद्यार्थिनी होती. तिथेच शिकलेला संतोषकुमार सिंह हा एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा तिचा पाठलाग करत असे. १९९५ मध्ये तिने त्याच्याविरुद्ध दिल्लीतील एकाहून अधिक पोलीस ठाण्यांत तक्रारी दिल्या. त्याच्याकडून त्रास न देण्याची लेखी हमी घेण्यात आली होती, अगदी तुमच्याकडच्या माफीनाम्यासारखी. तिला संरक्षणासाठी एक पोलीस कर्मचारीही देण्यात आला होता. याउलट त्याने विद्यापीठाकडे अर्ज केला की ती एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेत आहे, आणि त्यावरून तिलाच खुलासा मागण्यात आला. २३ जानेवारी १९९६ रोजी वसंत कुंज येथील घरी तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. तिचे वय २५ होते.

तपास सीबीआयकडे गेला, तरीही ३ डिसेंबर १९९९ रोजी सत्र न्यायालयाने आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडले. हाच गुन्हेगार आहे हे आपल्याला ठाऊक आहे, पण पुरावा त्या तोडीचा आणला गेला नाही, अशा आशयाचे न्यायाधीशांनी निकालातच लिहिले होते. मुलीच्या वडिलांना ते वाचून काय वाटले असेल याची कल्पना तुमच्या वडिलांना येईल, इतरांना ती येणे कठीण. सुटलेला आरोपी पुढे दिल्लीतच वकिली करू लागला. सीबीआयने २००० मध्ये उच्च न्यायालयात अपील केले आणि ते सहा वर्षे पडून राहिले. वडील चमनलाल मट्टू यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. २००६ मध्ये दिल्लीतीलच दुसऱ्या एका गाजलेल्या खून खटल्यातील आरोपी सुटल्यावर लोक रस्त्यावर आले, या प्रकरणाचीही चर्चा पुन्हा सुरू झाली आणि अपिलाची सुनावणी रोजच्या रोज होऊन ती ४२ दिवसांत संपली. १७ ऑक्टोबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले आणि त्याच महिन्यात फाशी सुनावली. ६ ऑक्टोबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा जन्मठेपेवर आणली. वरच्या न्यायालयांनी ज्या गोष्टींना वजन दिले त्यांत तिच्या जुन्या तक्रारी होत्या. त्यांतूनच हेतू सिद्ध झाला.

इथे एक फरक तुम्ही लक्षात घ्यावा असे मला कळकळीने वाटते. चमनलालजींना १९९९ मध्ये त्या निकालाविरुद्ध स्वतःच्या हक्काने अपील करता येत नव्हते. तपास यंत्रणा अपील करते की नाही, याची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते. फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्ती २००९ च्या अखेरीस लागू झाली आणि निर्दोष मुक्ततेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्याखाली झालेल्या शिक्षेविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताला मिळाला. पीडिताच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारस येतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४१३ मध्ये ही तरतूद आहे. या अपिलासाठी न्यायालयाची वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात स्पष्ट केले आहे. उद्या निकाल विरोधात गेला, किंवा खुनाऐवजी "रागाच्या भरात" म्हणून सदोष मनुष्यवधावर आला, तर तुमच्या आईवडिलांना सरकारच्या तोंडाकडे बघत बसावे लागणार नाही.

खटल्यातील सहभागाविषयी सांगायचे तर, कुटुंबाचा वकील सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतो आणि शेवटी लेखी युक्तिवाद देऊ शकतो. तुमचे वकीलपत्र दाखल असेल तर दोषारोपपत्राची प्रत मिळण्याचा हक्कही नव्या संहितेने दिला आहे, मग "असे कळले" या ऐकीव माहितीवर राहायला नको. आरोपीच्या जामीन अर्जावर तुमचे म्हणणे ऐकले जावे हे लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आईच्या नावाने अर्ज करा. मोफत विधी साहाय्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

विशेष सरकारी वकिलाच्या नेमणुकीची मागणीही करता येते. हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० रोजी एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भर चौकात पेट्रोल टाकून पेटवले आणि आठवडाभरात इथे नागपुरात तिचा मृत्यू झाला. त्या खटल्यात शासनाने उज्ज्वल निकम यांची नेमणूक केली होती आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, आरोपीला जन्मठेप झाली. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एवढे लक्ष येत नाही, हे मला माहीत आहे आणि त्याचे दुःखही आहे. तरीही अर्ज न करता राहू नका.

उत्तर ३ : एक आई, कोकण

भाऊ, कायद्याचे मला फारसे कळत नाही. आमच्या मुलीच्या खटल्यात सहा वर्षे तारखांना गेले, त्यातून जे कळले तेवढे सांगते.

तुमचे वडील महत्त्वाचे साक्षीदार असणार. साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला न्यायालयाच्या खोलीबाहेर थांबावे लागते, हे आम्हाला कोणी आधी सांगितलेच नव्हते. आम्ही दोघेही साक्षीदार असल्यामुळे पहिले वर्षभर आत काय चालले आहे ते आमच्यापैकी कोणीच पाहिले नाही. म्हणून साक्षीदार नसलेला एखादा काका, मामा, आत्या, कोणीतरी प्रत्येक तारखेला आत बसेल अशी व्यवस्था आजच करा, आणि त्याने प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत लिहून ठेवावे.

दुसरे म्हणजे उलटतपासाची मनाची तयारी. आमच्या मुलीचेच त्याच्याशी प्रेमसंबंध होते, तिने लग्नाला नकार दिल्यामुळे तो बिथरला, असे भरल्या न्यायालयात विचारले गेले. माझे यजमान तिथे कोसळले. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने तक्रार लिहिली तिच्याविषयी हे विचारले जाते, तेव्हा बापाने काय करायचे? सरकारी वकिलांनी नंतर तिची तक्रार पुन्हा वाचून दाखवली, तिच्या अक्षरातली, आणि खोली शांत झाली. त्यांना सांगा की त्यांनी फक्त विचारले तेवढेच उत्तर द्यावे, बाकीचे तिचा कागद बोलेल.

रसवंतीवाल्याचा जबाब झाला आहे का? तो आरोपीच्या गावचा असेल तर तो फितूर होण्याआधी त्याच्याशी माणुसकीने बोला, पण काय सांगायचे ते मात्र त्याला अजिबात शिकवू नका. त्याला धमक्या येत असतील तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा पातळीवर करता येतो. आमच्या एका साक्षीदाराला तिचा आधार मिळाला.

प्रश्न विचारणारा : एक भाऊ

वकीलसाहेब, ताई, मावशी, आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री हे सारे वडिलांना वाचून दाखवले. मट्टू कुटुंबालाही अशीच लेखी हमी मिळाली होती हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग उठून तिच्या कपाटातली प्लास्टिकची फाइल घेऊन आले. त्यात अदखलपात्र नोंदीची पोलिसांच्या शिक्क्याची प्रत निघाली. त्या प्रतीच्या मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने एसटीच्या वेळा आणि तो दिसला त्या तारखा लिहून ठेवल्या आहेत, एकूण सतरा. आम्हाला त्यांची काहीही कल्पना नव्हती.

उत्तर १ : निवृत्त सरकारी वकील, सातारा

दादा, त्या कागदावर आता कोणीही काही लिहू नका, लॅमिनेशन करू नका, घडीही नवी पाडू नका. तो कोणी, कधी आणि कुठून काढला हे वडिलांच्या जबाबात यायला हवे. सोमवारी तो पाकिटात घालून सरकारी वकिलांकडे स्वतः न्या आणि पंचनामा करूनच हवाली करा. अक्षर तिचेच आहे हे सांगण्यासाठी लॅबमधली एखादी सहकारी पुरे, रोजच्या नोंदवहीत तिचे अक्षर तिथे असणारच, ती वहीही मागवता येईल. त्या सतरा तारखांच्या एसटीवर कोण वाहक होते हे आगारातून कळू शकते, तो अर्ज त्याच दिवशी द्या.