छोट्या हॉकी टीमने तगड्या कॉन्फरन्समध्ये जावं का? सेंट थॉमसबद्दल विचारतोय

लश्करवाला
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टर्फच येतं पण मी आज अमेरिकेतल्या कॉलेजच्या आइस हॉकीबद्दल विचारतोय. माझा पुतण्या सेंट पॉलला सेंट थॉमस युनिव्हर्सिटीत शिकतो, त्याच्यामुळे मला पण नाद लागला, तिथली शुक्रवारी संध्याकाळी सातची मॅच म्हणजे थंडीच्या दिवसात आपल्याकडे शनिवारी सकाळचे साडेसहा, चहा घेऊन बसायचं.

तर या टीमची गोष्ट अशी की आधी हे डिव्हिजन थ्रीत, म्हणजे कॉलेज खेळांच्या खालच्या पातळीवर खेळायचे, तिथल्या कॉन्फरन्सने (आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) यांना २०१९ ला फार तगडे झालात म्हणून बाहेरच काढलं, मग २०२१ ला सरळ सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये, सीसीएचए नावाच्या कॉन्फरन्समध्ये. पहिल्या सीझनला फक्त तीन मॅच जिंकले. आणि २०२५ ला त्याच सीसीएचएच्या फायनलपर्यंत, तिथे मिनेसोटा स्टेटकडून हरले. आता २०२६-२७ पासून एनसीएचसी ही जास्त तगडी कॉन्फरन्स, म्हणजे डेनव्हर, नॉर्थ डकोटा, मिनेसोटा डलुथ ही मंडळी. २०१६ ते २०२५ मध्ये नऊ नॅशनल टायटल झाली (२०२० ला कोविडमुळे झालंच नाही), त्यातली सात या एकट्या कॉन्फरन्सची आहेत!

मला मनापासून वाटतं की आहेत तिथे अजून दोन-तीन वर्षं थांबायला हवं होतं, एकदा तरी ट्रॉफी उचलून मग जायचं. पुतण्या म्हणतो काका असं बोलावणं परत येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कंपूकर
दादा मी पूर्णपणे पुतण्याच्या बाजूने. आधी हिशोब समजून घ्या, नॅशनल टूर्नामेंटला १६ टीम जातात, सहा कॉन्फरन्सचे सहा चॅम्पियन थेट आणि उरलेल्या दहा जागा रँकिंगवर. आता रँकिंग ठरतं तुम्ही कोणाशी खेळलात यावर, हलक्या टीमना हरवून फारसं काही हाती लागत नाही आणि त्यांच्याशी एखादी हरलात की धाडकन खाली. म्हणून तर २०२५ ला सीसीएचएमधनं एकच टीम गेली, जी चॅम्पियन झाली ती. बाकीच्यांनी वर्षभर कितीही घाम गाळला तरी सगळं त्या एका संध्याकाळवर येऊन थांबतं, फायनल हरली की सीझन खलास.

वेस्टर्न मिशिगन बघा ना. कॅलमझूसारख्या मध्यम गावातली टीम, एनसीएचसीच्या पहिल्या सीझनपासून म्हणजे २०१३ पासून तिथे आहे, इतकी वर्षं डेनव्हर आणि नॉर्थ डकोटाच्या सावलीत खेळली, मार खाल्ला, पण टिकली. २०२५ ला सेमीफायनलमध्ये त्याच डेनव्हरला डबल ओव्हरटाइममध्ये काढलं आणि फायनलला बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२, त्यांचं पहिलंवहिलं टायटल. ज्या टीमशी दरवर्षी खेळून खेळून तिची प्रत्येक चाल पाठ झालीये तिला मोठ्या मॅचला घाबरायचं काय कारण?

आणि ट्रॉफीचं म्हणाल तर आपल्या रूपसिंहांची मॅच आठवा, ज्यांच्या नावाचं स्टेडियम आपण रोज बघतो. १९३२ लॉस एंजेलिस ऑलिंपिक, भारत २४ अमेरिका १, एकट्या रूपसिंहांचे १० गोल. एवढा मार खाऊन पण अमेरिकेला ब्रॉन्झ मिळालं कारण टीमच तीन होत्या, भारत, जपान आणि ते. मेडल मिळालं हो, पण त्या मेडलने त्यांची फील्ड हॉकी कुठे वर गेली? छोट्या गटातल्या ट्रॉफीसाठी थांबायचं म्हणजे हेच.

मोरारचा_बॅक
कंपूकर, वेस्टर्न मिशिगन सांगितलंत, मग मायामी पण सांगा ना. ओहायोतली मायामी, फ्लोरिडाची नव्हे. २००९ च्या नॅशनल फायनलला शेवटच्या मिनिटापर्यंत ३-१ ने पुढे होते, तिथनं बॉस्टन युनिव्हर्सिटीने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये हरले, म्हणजे एवढी मोठी टीम होती ती. ती पण २०१३ ला एनसीएचसीत पहिल्यापासून. आणि २०२४-२५ ला कॉन्फरन्समध्ये एकही मॅच जिंकता आली नाही, कॉन्फरन्सच्या अख्ख्या सीझनला एकही नाही! तगड्या गटात घसरलात की वर यायला जागाच मिळत नाही, दर शुक्रवार-शनिवार समोर कोणीतरी दांडगं उभंच. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल आहे, तुमचा चांगला मुलगा पुढच्याच वर्षी दुसऱ्या टीमकडनं खेळू शकतो, मध्ये एक वर्ष बाहेर बसावं पण लागत नाही. हरणाऱ्या टीममध्ये कोण थांबेल?

आणि तिथे गेलं की रँकिंगवर जागा पक्की असं पण नाहीये. २०२५ ला एनसीएचसीमधनं दोनच गेल्या, वेस्टर्न मिशिगन आणि डेनव्हर. अॅरिझोना स्टेट आपल्या पहिल्याच सीझनला कॉन्फरन्समध्ये दुसरी आली, दुसरी! तरी बाहेर. उलट बेमिजी स्टेट २००९ ला आणि आरआयटी २०१० ला अगदी छोट्या कॉन्फरन्समधनं शेवटच्या चारात पोचल्या. म्हणून मी लश्करवाल्यांशी सहमत, थांबायला हवं होतं.

थाटीपूरची_ताई
बेमिजीची गोष्ट अर्धीच सांगितलीत हो. पोचले खरे शेवटच्या चारात, पण त्यांची ती छोटी कॉन्फरन्स तेव्हाच मोडकळीला आली होती आणि २०१० ला त्यांना दुसरीकडे जावंच लागलं. कॉन्फरन्सचा चॅम्पियन थेट जायचा तर किमान सहा टीम लागतात, दोन-तीन निघून गेल्या की उरलेल्यांचा रस्ताच बंद.

२०२१ चं बघा. डब्ल्यूसीएचए या जुन्या कॉन्फरन्समधल्या सात टीम एकत्र बाहेर पडल्या, अलास्का आणि अलाबामापर्यंतचा प्रवास परवडत नव्हता त्यांना, आणि त्यांनीच ही आताची सीसीएचए उभी केली. मागे राहिले त्यांचं काय झालं? अलाबामा हंट्सव्हिलला कोणी कॉन्फरन्समध्ये घेतलं नाही आणि त्यांची टीमच बंद पडली. अलास्काच्या दोघींपैकी फेअरबँक्सची टीम कॉन्फरन्सशिवाय एकटी खेळत राहिली, अँकरेजची मध्ये बंद पडली आणि २०२२ ला तशीच एकटी परत आली. त्या मुलांचा विचार केला की मला खूप वाईट वाटतं, त्यांच्या खेळात काही कमी नव्हतं, बसायला पाट तेवढा उरला नाही.

म्हणून माझ्या मते बोलावणं आलं की जावं, तीन वर्षांनी ते दार उघडं असेल हे कोण सांगणार. मी पूर्वी मुलींना खेळ शिकवायचे, आपल्या कंपूच्या महिला अकादमीत लहान लहान गावांतनं मुली येतात, रोज आपल्यापेक्षा सरस मुलींसमोर उभं राहूनच त्यांचा हात तयार होतो. मात्र बेंच हवी. पहिल्या दोन लाइन (आळीपाळीने एकत्र बर्फावर उतरणाऱ्या फॉरवर्डच्या तुकड्या) चांगल्या आणि तिसरी-चौथी कच्ची असेल तर तिसऱ्या पीरियडला मोठ्या टीम फाडून खातात, तेव्हा सेंट थॉमसने आधी तिकडे बघावं.

सेंटपॉलचा_पुतण्या
काकांनी लिंक पाठवली म्हणून लिहितोय. एक गोष्ट कोणी बोललं नाही, रिंक. आधी आम्ही कॅम्पसच्या बाहेर मेंडोटा हाइट्सच्या छोट्या रिंकवर खेळायचो, २०२५ ला कॅम्पसवरच नवीन अरीना उघडलं. रिक्रूट होणारा मुलगा पहिल्यांदा हेच बघतो, मग समोर कोण येणार ते बघतो. आणि सेंट क्लाउड, डलुथ दोन्ही एनसीएचसीत आहेत, बसने जाता येतं, त्यांचे लोक पण आमच्याकडे येतील. विमानाचा खर्च कोलोरॅडो आणि अॅरिझोनासाठी होईल तो होईल. मायामीची भीती मला पण वाटते मोरारवाले काका, पण आमची टीम वर चढत असताना जातेय, हा फरक मोठा आहे.

लश्करवाला
ताईंचं हंट्सव्हिलचं वाचून मी जरा हललो, हे माहीतच नव्हतं. ठीक आहे, जावं. पण पहिली दोन वर्षं हरतील तेव्हा कोचला काढा म्हणून ओरडायचं नाही, हे तिथल्या लोकांना आत्ताच सांगून ठेव रे बाबा. आणि मंकाटोच्या मिनेसोटा स्टेटशी नॉन-कॉन्फरन्समध्ये दरवर्षी मॅच ठेवणार आहेत का ते विचार, फायनलला ज्यांच्याकडून हरलो त्यांना असं सोडून जायचं नाही. वेळापत्रक आलं की इथेच टाक, मी सकाळचे अलार्म लावून ठेवतो.