मदत हवी आहे: गाडीतल्या वायरींचं जंजाळ

नमस्कार मंडळी. गाडीत १२ व्होल्टचं सॉकेट एकच, आणि त्यावर डॅशकॅम (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा), दोन मोबाइल आणि टायरात हवा भरायचा पंप. वायरी गिअरपाशी लोंबतात. परवा खंबाटकी घाटात एक गिअरच्या दांड्यात अडकली, तेव्हा बायकोने निर्वाणीचा इशारा दिला!

सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १२० वॅट. पंप एकटाच तेवढं खातो, म्हणून तो लावताना बाकी सगळं काढतो. तिथे मल्टीप्लग लावून उपयोग नाही, एवढं कळलं.

खरा प्रश्न डॅशकॅमचा. त्याची वायर छताच्या कडेने नेऊन फ्यूज बॉक्समधून वीज घ्यावी म्हणतो. पण पुढच्या काचेशेजारच्या खांबात कर्टन एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे. वायर तिच्या मागून न्यायची ना? पुढून नेली तर एअरबॅग उघडताना अडेल, अशी धास्ती वाटते. आणि किल्ली फिरवल्यावरच चालू होणारा फ्यूज घरी कसा ओळखायचा? मल्टिमीटर आहे, हात तेवढा बसलेला नाही.

कोणी स्वतः केलंय का? की सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊ? वॉरंटीचं दीड वर्ष शिल्लक आहे, म्हणून मूळ वायर कापायची नाही.