पिकअपला दुसऱ्या सालचं इंजिन बसेल का? अर्जंट!

पिकअपवाला_४३
इंजिन जाम झालंय. कळंबोलीत २०१८ च्या ठोकलेल्या गाडीचं इंजिन आहे, ७० हजार सांगतोय, ६० ला देईल. सीसी सेम. बसेल का? हो की नाही एवढंच सांगा. आंब्याचा सीझन चालू आहे आणि गाडी घणसोलीत उभी. उद्या टोकन द्यायचंय.

डिझेलदादा
गाडी कुठली? साल?

पिकअपवाला_४३
बोलेरो पिकअप हो, अजून कुठली.

महापेकर
डिझेलचा नाद सोडा. मी सीएनजीची छोटी गाडी घेतली. पंपावर रांग लागते, पण तेवढ्यात एक डुलकी होते.

डिझेलदादा
साल विचारलं होतं.

पिकअपवाला_४३
२०१४

डिझेलदादा
हे आधी सांगायचं ना राव! तुमचं बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचा जुना नियम), साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाचं. स्टार्टर आणि पंपाच्या सोलेनॉइडला करंट मिळाला की सुरू. एप्रिल २०१७ पासून सगळीकडे बीएस-४ आलं, म्हणजे ते २०१८ चं इंजिन कॉमन रेल, डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमावर सोडणारं. दोन्ही २५२३ सीसी, म्हणून फसायला होतं. त्याला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, क्रँक सेन्सर, सेन्सरवाला अ‍ॅक्सिलरेटर पेडल, सगळं त्याच गाडीचं लागतं. सोबत काय काय देतोय तो?

गॅरेज_तुर्भे
दादा, उगाच घाबरवू नका. हाफ इंजिन, म्हणजे नुसता खालचा ब्लॉक घ्यायचा, वर झाकणासारखं बसणारं हेड आपलंच, पंपही आपलाच. मी बसवलंय.

डिझेलदादा
बसवलंय आणि चाललंय यात फरक असतो. पिस्टन कुठले टाकले होते? किती किलोमीटर चाललं?

गॅरेज_तुर्भे
गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे चाललंच असणार.

आरटीओच्या_रांगेत
कागदांचं कोणीच बोलत नाही. कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. न घेता बदललं तर १४ दिवसांत कळवायचं, आरसीवर नवा नंबर चढवायचा. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी) आहे, तिथे नंबर जुळला नाही तर अडकाल. भंगारवाल्याकडून बिल आणि त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद घ्या. चोरीचं निघालं तर आंबे राहतील बाजूला. गाडीवर लोन आहे का?

पिकअपवाला_४३
लोन फिटलं. पासिंग पुढच्या महिन्यात.

ऐरोलीची_वहिनी
हापूसची पेटी काय भावाने देता? घरपोच?

डिझेलदादा
मुळात जाम झालं कशाने? ऑइल संपलं की पाणी?

पिकअपवाला_४३
रेडिएटरचा पाइप फुटला. ड्रायव्हरने काटा लाल असताना शिळफाट्यापासून तशीच रेटली.

डिझेलदादा
मग हेड उघडून बघितलं का? तापून जाम झालं तर बऱ्याचदा लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) आणि पिस्टन बदलून भागतं. क्रँक, म्हणजे खालचा फिरणारा दांडा वाचला असेल तर तुमचंच इंजिन बांधा. नंबर तोच, आरटीओचा प्रश्नच नाही.

पिकअपवाला_४३
सकाळी कळंबोलीला जाऊन आलो. वायरिंग कटरने इंजिनला लागून कापलेलं, ईसीएम नाही, बिलाचं नाव काढल्यावर तो चहा मागवायला लागला. टोकन दिलं नाही. दुपारी हेड उघडलं. दोन आणि तीन नंबरच्या लायनरवर नखाला लागतील अशा रेघा, हेड वाकलंय. खालून बेरिंग काढून बघितलं, क्रँक गुळगुळीत आहे. चारही लायनर-पिस्टन टाकतो. हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) तुर्भ्यात दोन दिवसांत कोण करून देईल?

गॅरेज_तुर्भे
व्यनि केलाय.

महापेकर
म्हणजे सीएनजी नाहीच का?