वेल्डिंगचा आर्क (रॉडच्या टोकाचा लखलखता झोत) पडल्यावर सांधाच दिसत नाही. हेल्मेटातली १० नंबरची काळी काच काढून ८ ची, म्हणजे कमी काळी, टाकू काय?

वखर_पास: वखराची पास, ट्रॉलीचा फाळका, गेटचं बिजागर अशी घरचीच कामं करतो. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन, ३.१५ मिमीचा रॉड, करंट १०० च्या आसपास. आर्क पडला की नुसता उजेड दिसतो आणि रॉड सांधा सोडून भलतीकडंच जातो. वय ४६, वाचायला चाळिशी लागते, पण हेल्मेटात घालत नाही.

काळीकाच_यवतमाळ: मग दोष काचेचा नाही भाऊ, चाळिशीचा आहे. ६० ते १६० अँपिअरला १० ची काच बरोबर, फार तर ९ करा. ८ ही त्या करंटला चालणारी सगळ्यात फिकट, शेवटची पायरी. तिथून सुरुवात करत नसतात.

आधी मशीन बंद ठेवून नेहमीसारखं बसा आणि सांध्यावर पेन्सिलनं बारीक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हेल्मेटाशिवायही अक्षर फिकट दिसलं तर काच बदलून काही होणार नाही. डोळ्यापासून सांध्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा (बहुधा ३५ ते ४५ सेंटीमीटर भरतं) आणि तेवढ्या अंतराचा, पूर्ण काचेचा चष्मा करून घ्या. बायफोकल इथं त्रास देतो. जवळचा नंबर खालच्या तुकड्यात असतो, म्हणून मान मागं टाकावी लागते.

फाळका_वर्धा: वरची पांढरी काचही बघा. ठिणग्यांनी ती खरखरीत झाली की उजेड फाकतो आणि सगळं धुरकट दिसतं. पुसत बसू नका, सरळ बदला. काळ्या काचेपुढं ती स्वस्तच असते.

आणि उन्हाकडं पाठ करून बसू नका. मागून उजेड हेल्मेटात शिरला की काचेत सांध्याऐवजी आपलाच शर्ट दिसतो. सावलीत बसा, नाहीतर हेल्मेटाच्या मागून जाड सुती दुपट्टा सोडा. सांधा ग्राइंडरनं चकचकीत करा, बाजूनं एलईडी दिवा मारा. नजर आर्कवर नको, त्याच्या मागं साचणाऱ्या वितळलेल्या लोखंडाच्या रसावर ठेवा.

काळीकाच_यवतमाळ: ऑटो हेल्मेट (आर्क पडताच काच आपोआप काळी होणारं) घेतलं तर आर्कच्या आधीही सांधा दिसतो, कारण तेव्हा काच ३-४ नंबरवर असते. पण सेन्सरपुढं हात किंवा पाइप आला की ती काळी होत नाही, झपकन उजेड लागतो.

वेल्डिंगवरची खपली झाडताना मात्र चाळिशीवर विसंबू नका, तिच्या बाजू उघड्या असतात. बाजूनं झाकलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच. कण डोळ्यात रुतला तर चोळू नका, रुमालाच्या टोकानं काढू नका. लोखंड आत गंजतं, डोळ्याच्या डॉक्टरलाच दाखवा. वेल्डिंग लागलं, म्हणजे आर्कचा उजेड डोळ्यांना बाधला, तर डोळे सहा-बारा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, चुरचुरतात. तेव्हा बटाट्याच्या चकत्या नकोत, आणि बधिर करणारे थेंब घरी अजिबात टाकू नका.

वखर_पास: चिठ्ठी खरंच फिकट दिसते. हेल्मेटात बसवायचं भिंग मिळते म्हणतात, ते कुठल्या बाजूनं लावायचं?

फाळका_वर्धा: आतून, काळ्या काचेच्या मागं. बाहेर लावलं तर ठिणग्या खाईल. +१ ते +२.५ पर्यंत मिळतं, पण तुमच्या हेल्मेटात त्याची खाच आहे काय ते आधी बघा.